दाखल नोंदवही एक्सेलमध्ये नको

महोदय,

छोटी वाचनालये दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवायची वही) संगणकावर घेताना बहुधा एक्सेलच उघडतात. दोन-तीनशे पुस्तकांपुरते ठीक. पण ‘००४५’ टाइप करून एंटर दाबले की ‘४५’ उरते; रकाना आधीच ‘टेक्स्ट’ केलेला हवा. एकाच रकान्याची क्रमवारी लावली तर लेखक एकीकडे, पुस्तक भलतीकडे.

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेस (माहिती साठवण्याच्या) प्रणालीत तक्ते, माहिती भरायचे फॉर्म आणि अहवाल एकत्र मिळतात. मात्र ते विंडोजवरच चालते आणि फाइलची मर्यादा २ जीबी. मुखपृष्ठांचे फोटो आत कोंबू नयेत. ते फोल्डरमध्ये ठेवून तक्त्यात फक्त फाइलचा पत्ता लिहावा.

एसक्यूलाइट हा एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस मोफत आणि भरवशाचा, पण त्याला स्वतःचा फॉर्म नाही. ओडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणी करून देणारा दुवा) टाकून लिब्रेऑफिस बेस हा फॉर्म बनवणारा प्रोग्रॅम जोडावा लागतो. शिवाय एसक्यूलाइटमधली ‘फॉरेन की’ची, म्हणजे एका तक्त्यातली नोंद दुसऱ्या तक्त्यात खरोखर आहे ना याची, तपासणी सहसा बंदच असते. प्रत्येक जोडणीत ती चालू केली नाही, तर सभासद काढून टाकला तरी त्याच्या नावावरची पुस्तके नोंदीत लटकत राहतात, आणि हे कळते थेट वार्षिक पडताळणीत! दोन संगणकांवरून देवघेव असेल तर एसक्यूलाइटची फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नये. तिथे पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी हे सर्व्हरवर चालणारे डेटाबेसच घ्यावेत.

– एक वाचक, सांगली