त्या रविवारी ऑफिस नव्हतं

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

व्हॉट्सॲपवर टाकलं की बाबा अर्धं वाचून फोन लावतात, आणि फोनवर तुमचं ते लांबलेलं "बरं" ऐकू आलं की माझं पुढचं सगळं घशात अडतं. म्हणून कागदावर लिहितेय. पोस्टानेच पाठवतेय. पाकिटावर पिनकोड नीट चौकटीत लिहिलाय, बाबा, तेवढं तरी आधी बघा.

वाईट ते आधी सांगून टाकते. रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी मी ऑफिसात नव्हते. आई, तू फोनवर विचारलंस, "मागे एवढ्या बायका कुठल्या गं?" आणि मी म्हटलं, ऑफिसात हळदीकुंकू आहे. रविवारी कुठल्या ऑफिसात हळदीकुंकू असतं? तू पुढे काहीच विचारलं नाहीस, तेव्हाच मला कळलं की तुला कळलंय. त्या बायका माझ्या हॉलमध्ये बसल्या होत्या आणि मी भांडी विकत होते. संक्रांतीला मिरजेला आले नाही तेही त्यासाठीच. सलग तीन शनिवार-रविवार त्याचं शिकायला जात होते.

दारोदार फिरत नाही हं, आई. पोटात गोळा आणू नकोस. घरी सात-आठ बायकांना बोलवायचं, चहा-खाणं द्यायचं, त्यांच्यासमोर त्या कढईत, त्या तव्यावर करून दाखवायचं आणि ज्यांना हवं त्यांनी ऑर्डर लिहायची. तुझे ते जपून ठेवलेले टपरवेअरचे डबे आठव, ज्यातला एक मी सहलीत हरवला आणि तू दोन दिवस बोलली नाहीस. ते असेच घरी जमून विकले जायचे. अमेरिकेत सुरुवातीला ते डबे दुकानात पडून होते म्हणे, झाकण दाबून हवा कशी काढायची हे कुणाला कळेना. मग एका बाईने घरोघरी बायका जमवून दाखवायला सुरुवात केली आणि इतके खपले की १९५१ साली कंपनीने दुकानातून मालच काढून घेतला. बाबा, तुम्ही पेपरात वाचलेलं काढाल, की त्याच कंपनीने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मीही वाचलंय. त्या बाईला १९५८ मध्ये कंपनीने काढून टाकलं, हेही वाचलंय. तुमच्या जावयांना ते अजून सांगितलेलं नाही.

आता सागवानाच्या त्या स्कीमचं, जिच्यात तुमच्या शब्दावर नात्यातल्यांनी पैसे घातले आणि ते बुडाले. बाबा, ते मी विसरलेले नाही. आत्यांकडच्या लग्नातून तुम्ही पंगतीला न थांबता कोयना पकडलीत, तेव्हा मी नववीत होते. कराडला मला वडापाव घेऊन दिलात आणि स्वतः घेतला नाहीत. "मला भूक नाही" म्हणालात. तुम्हाला भूक होती. त्यानंतर आपल्या घरात "स्कीम" हा शब्द कुणी उच्चारला नाही, म्हणूनच हे सांगायला मला दीड महिना लागला.

पण हे ते नाही. माणसं जोडली की पैसे, असली साखळी यात नाही. तशी साखळी चालवायला २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी बंदीच आहे. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही, हेही त्यातच लिहिलंय. त्याची प्रत सोबत जोडतेय, तुम्ही लाल पेनाने खुणा कराल हे माहीत असूनही. माझ्याकडून भरतीचे म्हणून पैसे घेतले नाहीत. डेमोचा संच त्यांचाच आहे, नको झालं तर परत द्यायचा.

आणि नात्यातल्या एकाही माणसाला मी बोलावलं नाही. मामेबहीण आली, पण ती तिच्या मैत्रिणीबरोबर, दार उघडेपर्यंत तिलाही ठाऊक नव्हतं घर कुणाचं. तिला तवा आवडला. मी म्हटलं, तुला नाही देणार, दुकानातून घे. शिकवायला आलेल्या मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. शनिवारपर्यंत हे मामींकडून तुमच्याकडे येणारच, त्यात "ती चक्क नाही म्हणाली" हेसुद्धा येईल. ते का, हे तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

मॅडमचं म्हणणं होतं, हळदीकुंकवालाच कर, बायका आयत्या जमतात. ते मला जमलं नाही. कुंकू लावून लगेच ऑर्डरचं पुस्तक पुढे करायचं म्हणजे कसंतरीच. आणि तळमजल्याच्या काकूंना बोलावता आलं नसतं. काका गेल्यापासून त्या हळदीकुंकवाला कुणाकडेच जात नाहीत, बोलावलं तरी. साध्या चहाला मात्र आल्या, सगळ्यांत आधी आल्या आणि सगळ्यांत शेवटी गेल्या.

अकरा जणींना सांगितलं होतं, सात आल्या. टीपॉयवर इंडक्शन मांडलं. सोफ्यावरच्या गाद्या काढून खाली चटया टाकल्या, तुझी ती निळी-पांढरी सतरंजीसुद्धा. खायला मटार उसळ आणि तिळाच्या वड्या. वड्या विकतच्या, सांगून टाकते.

आणि पहिलंच धिरडं तव्याला चिकटलं. नुसतं चिकटलं नाही, आई, तव्याशी लग्नच लागलं त्याचं. मी उलथनं घालतेय, खरवडतेय, हात थरथरतायत, समोर सात बायका आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "आमचं नॉनस्टिकच बरं." मॅडमही पुढे आल्या नाहीत, नंतर म्हणाल्या की मुद्दामच थांबले. तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तू घावन घालायच्या आधी बोटं पाण्यात बुडवून तव्यावर शिंपडायचीस आणि मी ओट्याला लटकून म्हणायचे, "आई, मोती पळाले, घाल आता!" तो माझा हक्काचा हुकूम होता. मी म्हटल्याशिवाय तू घालायची नाहीस.

तवा घासला, पुन्हा ठेवला. पाणी शिंपडलं, नुसतं चुर्र होऊन वाळलं. थांबले. परत शिंपडलं, आणि पळाले मोती. तवा पुरता तापला की थेंबाखाली वाफ धरते आणि तो तिच्यावर तरंगत पाऱ्यासारखा पळतो. मग आच कमी, तेलाचा हात, मग पीठ, आणि कडा आपणहून सुटेपर्यंत हात लावायचा नाही. दुसरं धिरडं असं सुटलं की काकूंनी टाळी वाजवली. तव्यात तिथे काही विशेष नव्हतं, माझ्या आईची युक्ती होती. मी तसं सांगितलंही सगळ्यांना.

मग मात्र तोंड सुटलं. मॅडमनी थर, मिश्रधातू, उष्णतावहन असलं पाठ करून घेतलं होतं, ते सोडलं आणि पुरणपोळी सांगितली. आत-बाहेर स्टील, मधे ॲल्युमिनियम. नुसतं स्टील उष्णता नीट पसरवत नाही, म्हणून ज्वाळेवर येतं तिथेच दूध लागतं. ॲल्युमिनियम भराभर पसरवतं, पण आमटीत कोकम-चिंच पडली की ती त्याला खाते, म्हणून त्याला आत कोंडायचं. चांगल्या कढईत हे पुरण पार कडेपर्यंत गेलेलं असतं, आमच्या आईच्या पोळीसारखं. स्वस्तात नुसत्या बुडाला चकती लावलेली असते, म्हणजे पुरण मधे गोळा आणि कडा कोरड्या. (कुणाच्या पोळीसारखी, ते मामेबहिणीसमोर बोलले नाही.) बाहेरच्या स्टीलला चुंबक चिकटतं, म्हणून इंडक्शनवर चालतं. फ्रिजवरचं गणपतीचं चुंबक काढून लावून दाखवलं. झाकण घट्ट बसवून मंद आचेवर पालक शिजवला, पाण्याचा थेंब न घालता, पानं धुतल्यावर राहतं तेवढ्याच पाण्यात.

कढईला टिचकी मारून आवाज ऐकवताना तर मला हसूच आलं. बोहारीण आली की तू पायरीवर बसून प्रत्येक पातेल्याला टिचकी मारायचीस. बाबांच्या दोन टेरीकॉट पँटींवर ती वाटी द्यायला बघायची आणि तू तिच्याकडून झाकणासकट डबा काढायचीस. ती उठून चार पावलं जायची, तू भाजी निवडत बसायचीस, ती परत यायची. मला वाटायचं तुम्ही दोघी भांडताय. आता कळतं, दोघींचाही सगळ्यात आवडता तास होता तो. आणि जाताना तू तिला चहा द्यायचीसच. त्या बाईला आपण कधी कमी लेखलं नाही ना, आई? मग मला का लाज वाटत होती, कुणास ठाऊक.

बाबा, हिशेब. एकूण ऑर्डर १८,६५० रुपये. माझे वीस टक्के, म्हणजे ३,७३०. खर्च १,१४०. हातात २,५९०. पैसे यायला तीन आठवडे, म्हणून वहीत अजून "येणे" असंच लिहिलंय, तुम्ही शिकवलंत तसं.

आणि आता खरं बोलायचं ते. मी नोकरी सोडतेय. राजीनामा दिलाय, ३१ मार्च शेवटचा दिवस. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या खात्यांची बेरीज जमवली, कंटाळा आला असं नाही. मला कुणी काही बोललं नाही, कुणी त्रास दिला नाही. घराचे हप्ते ह्यांच्या पगारातून जातात, पीएफला हात लावणार नाही, नातवाच्या दहावीच्या क्लासचे पैसे भरून झालेत. एक वर्ष बघणार. नाहीच जमलं तर हिशेब लिहायचं काम कुठेही मिळतं. हे मी ह्यांना जितक्या वेळा सांगितलंय त्याच्या दुप्पट स्वतःला सांगितलंय.

यात एकच गोष्ट तुमच्यापर्यंत येते आणि तिच्याचमुळे रात्री झोप लागत नाही. तुमचा आरोग्य विमा माझ्या ऑफिसातून आहे. तो माझ्याबरोबर संपेल. रागवायचं असेल तर याच्यावर रागवा, बाकीच्यावर नको. पण सोय केल्याशिवाय राजीनामा दिला नाही. सत्तरी झालेल्यांना सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं, उत्पन्नाची अट नाही. मागच्या चैत्रात आईला सत्तर पूर्ण झाली, बाबा तर चौऱ्याहत्तरचे. आधारकार्ड घेऊन दोघांनी जायचं आहे, मी येईन तेव्हा जाऊ. शिवाय खाजगी पॉलिसीचंही बघतेय.

आणि म्हणून, आई, गुडघ्याचं ऑपरेशन "पाडवा होऊ दे मग बघू" हे चालणार नाही. मार्च संपायच्या आत करायचं, माझा विमा आहे तोवर. तारीख मी डॉक्टरांशी बोलून घेतलीय (हो, तुला न विचारता). एप्रिल अख्खा मी मिरजेत. सतरा वर्षांत तुला सलग चार दिवसही दिले नाहीत, आता महिनाभर कंटाळा येईपर्यंत बसणार आहे. गुढी बाबा आणि नातू उभारतील. तू खुर्चीत बसून चुका काढ.

तोवर एवढं करा. पोपडे निघालेला तो काळा नॉनस्टिक तवा टाकून द्या. कामवालीला देऊ नका, तिच्याही पोटात तेच जाणार. कुकरची रिंग बदला, शिट्टी व्हायला वेळ लागतो म्हणून आई झाकणावर हाताने दाबते, हे मला बाबांनीच सांगितलंय. गॅसच्या नळीवरची तारीख बघा. पितळी पातेल्याची कल्हई गेलीय, त्यात सार करायचं नाही. कल्हईवाला सापडेपर्यंत ते नुसतं पाणी तापवायला. बिडाचा तवा आईने एका हाताने उचलायचा नाही, बाबांनी उचलून द्यायचा, आणि "काय होतंय" म्हणायचं नाही. बाबांनी बीपीची गोळी घेतली की कॅलेंडरवर खूण करायची. मी आल्यावर मोजणार आहे.

कढई मी आणणार आहे तुमच्यासाठी. पैसे द्यायचे नाहीत. नात्यात विकायचं नाही म्हटलंय, द्यायचं नाही असं म्हटलेलं नाही.

बाबा, पत्र वाचून झालं की लगेच फोन करू नका. आईला वाचून दाखवा, सागवानाचं गाळलंत तरी चालेल. मग दोघांनी चहा घ्या. मग करा.

तुमची,
चिमी

ता. क. : आई, तुझी जुनी कढई वरून किती रुंद आहे ते कळव. दोन विती असं सांगू नकोस, तुझी वीत मागच्या दिवाळीत माझ्याएवढीच होती, आता कमी झाली असेल. बाबांना टेप घेऊन मोजायला सांग, सेंटिमीटरमध्ये.