‘सहा जणांचा’ म्हणून विकलेल्या, दोन झरोके खोटे असलेल्या तंबूबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पाहुण्यांच्या झोपण्यासाठी घेतलेला 4 मीटर व्यासाचा गोल तंबू सदोष निघाल्याबाबत, तसेच जाहिरातीतील धोकादायक छायाचित्राबाबत.

संदर्भ : खरेदीची पावती आणि मी यापूर्वी पाठवलेले तीन ईमेल.

महोदय / महोदया,

तुमच्या ग्राहक सेवेशी तीन वेळा पत्रव्यवहार करून झाला. तिन्ही उत्तरे ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ या वाक्याने सुरू झाली आणि तिन्हींत चूक माझीच निघाली. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. पत्र लांबेल, पण कृपया मध्येच सोडू नये; शेवटाकडे एक गोष्ट अशी आहे जिचा माझ्या पैशांशी काही संबंध नाही आणि तरी ती सगळ्यांत तातडीची आहे.

आमचे घर गावाबाहेर शेतात आहे. खोल्या तीन, राहणारी माणसे पाच. एरवी कशाची अडचण नसते. वर्षातून दोन-तीन वेळा भावंडे, त्यांची मुले, आत्या-मामा असे सगळे जमतात, तेव्हा मात्र रात्री कोणाला कुठे झोपवायचे याचा हिशेब दुपारपासून सुरू होतो. चौथी खोली बांधायचा विषय घरात निघाला होता. वर्षातले बहुतेक दिवस कुलूप लावून ठेवायच्या खोलीवर एवढा खर्च करणे कोणालाच पटले नाही. तयार केबिनचीही चौकशी केली. ती ट्रकवरून येते, उतरवायला क्रेन लागते, आणि आमच्या वाटेवर क्रेन वळत नाही. शिवाय पत्र्याच्या भिंतींत उष्णता अडवणारा थर नसेल, तर केबिन दिवसा तापते आणि थंड रात्री आतून घामेजते. तंबू भाड्याने आणला तर दर वेळी भाडे वेगळे, वाहतूक वेगळी. राहता राहिला स्वतःचा तंबू : लावता येतो, काढता येतो, माळ्यावर ठेवता येतो. हा निर्णय चुकला असे मला आजही वाटत नाही. तंबू कोणाचा घ्यायचा, तेवढे चुकले.

तुमच्या जाहिरातीत तीन गोष्टी ठळक होत्या. कापड ‘कॅनव्हास’, झोपण्याची क्षमता ‘6 माणसे’, आणि ‘शेंड्याजवळ 4 हवेशीर झरोके’. यातली एकही खरी निघाली नाही.

क्षमतेपासून सुरुवात करते, कारण ते नुसत्या टेपने मोजता येते. 4 मीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ साधारण 12.6 चौरस मीटर. एका माणसाची साधी गादी 90 सेंटीमीटर रुंद आणि 190 लांब धरली, तर सहा गाद्यांना 10.3 चौरस मीटर जागा लागते. कागदावर जमते. पण गाद्या चौकोनी असतात आणि तंबू गोल, आणि बरोबर मध्यभागी खांब. आम्ही सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या. तीन गाद्या सुखाने बसतात. चौथी दामटून बसवली की तिचे कोपरे कनातीवर, म्हणजे कडेच्या उभ्या कापडी भिंतीवर, चढतात. पाचव्या गादीसाठी एखाद्या पाहुण्याला घरी परत पाठवावे लागेल. उंचीचेही तसेच. कनात 60 सेंटीमीटर, शेंडा अडीच मीटर, म्हणजे 160 सेंटीमीटर उंचीच्या माणसाला ताठ उभे राहायला मधोमध जेमतेम 2.8 चौरस मीटरचे वर्तुळ मिळते, आणि त्यातही खांब आहेच. आमचे मामा तीन दिवस त्या खांबाला धरून कपडे बदलत होते.

डोंगर चढणाऱ्यांच्या झोपायच्या चटया 50-60 सेंटीमीटर रुंद असतात. त्या हिशेबाने तुम्ही सहाचा आकडा काढला असेल, तर तसे खोक्यावर लिहा. तुमची जाहिरात गिर्यारोहकांसाठी नव्हती. तिच्यात गाद्या, उशा, पायाशी घडी घातलेली रजई आणि ‘आता पाहुण्यांची चिंता नको’ असे शब्द होते. पाहुण्यांमध्ये गुडघे दुखणारी माणसे असतात, रात्री दोनदा उठणारी माणसे असतात.

आता मुख्य तक्रार. पहिल्या रात्री चौघे तंबूत झोपले. आकाश निरभ्र होते. पहाटे तीनच्या सुमारास आत्याबाई उठून घरात आल्या आणि म्हणाल्या, “पाऊस आत येतोय गं.” मी बाहेर जाऊन पाहिले तर अंगण कोरडे, वर चांदण्या. तंबूत मात्र छताच्या आतल्या बाजूने थेंब ओघळत होते, शेंड्याजवळून टपटप पडत होते, आणि कनातीला टेकलेली चौथी गादी पायथ्याकडे ओलीचिंब झाली होती.

यावर तुमचे पहिले उत्तर आले की ही गळती नसून ‘बाष्प साचणे’ आहे, ते नैसर्गिक आहे, सबब तो दोष नव्हे. पहिले दोन भाग मला मान्य आहेत. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण 40 ग्रॅम पाणी हवेत जाते. चार माणसे, आठ तास, म्हणजे सव्वा लिटरहून अधिक. रात्री कापड थंड पडले की ही वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसणारच. पण नेमके हे नैसर्गिक आहे म्हणूनच तर तंबूला वर झरोके ठेवतात! ऊबदार, दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते.

तर झरोक्यांची गोष्ट अशी. सकाळी मी शिडी लावून ते उघडायला गेले. बाहेरून चारही बाजूंना सुबक पडद्या शिवलेल्या आहेत, त्यांना कडक तार घातली आहे, वर करून अडकवायला पट्टीसुद्धा आहे. दोन पडद्या उचलल्या तर मागे जाळी. उरलेल्या दोन उचलल्या तर मागे अखंड कापड. माझा नऊ वर्षांचा भाचा आतून बोट लावून म्हणाला, “मावशी, ह्याला भोकच नाही.” मला आधी वाटले, शिवण उसवायची राहिली असेल. तसे नाही. तिथे कापड कापलेलेच नाही. झरोक्याचे झाकण आहे, झरोका नाही. ज्या दोन झरोक्यांना जाळी आहे ते समोरासमोर नसून शेजारी-शेजारी येतात, त्यामुळे हवा आरपार जात नाही. तुमच्याकडे तपासणी करणाऱ्याने पडद्या मोजल्या असतील, उचलल्या नसतील.

मग मीच कापून घ्यायचे म्हटले तर तुमच्या हमीपत्रात लिहिले आहे, ‘ग्राहकाने केलेल्या कोणत्याही फेरफाराने हमी रद्द होईल’. म्हणजे कापले तर हमी जाते आणि नाही कापले तर पाहुणे भिजतात. मी कात्री ठेवून दिली.

तुमच्या दुसऱ्या उत्तराने तर मी चकितच झाले. त्यात सल्ला होता की नवा तंबू दोन-तीन वेळा पूर्ण भिजवून वाळवावा, म्हणजे धागे फुगून शिवणीतली सुईची छिद्रे बुजतात. हा सल्ला खोटा नाही. तो सुती कॅनव्हासचा आहे. सुताचा धागा पाणी पिऊन फुगतो, म्हणून सुती तंबू पहिल्या पावसाआधी असा भिजवून घेतात. तुमच्या तंबूच्या दाराच्या आतल्या शिवणीत जो बोटभर लेबलाचा तुकडा आहे त्यावर मात्र ‘100 टक्के पॉलिस्टर’ असे छापले आहे. पॉलिस्टरचा धागा फुगत नाही. तुम्ही आणखी दहा वेळा भिजवायला सांगितले असते तरी काही झाले नसते. भर म्हणजे कापडाला आतून जलरोधक लेप आहे, त्यामुळे सुती कापडातून जी थोडी वाफ आरपार जाते तीही इथे अडकते. कॅनव्हास म्हणून तुम्ही पॉलिस्टर पाठवले, आणि ते पॉलिस्टर आहे हे तुमच्याच ग्राहक सेवेला माहीत नाही. हलक्या वजनासाठी, पटकन वाळण्यासाठी पॉलिस्टर चांगलेच असते. ते सांगून विकले असते तर कदाचित मी घेतलेही असते, पण मग चारही झरोके आधी उघडून पाहिले असते.

माझ्या बाजूची चूकही सांगून टाकते, म्हणजे ती तुम्हाला शोधावी लागणार नाही. पहिल्या दिवशी आम्ही तंबू विहिरीजवळच्या सखल तुकड्यावर लावला, कारण जागा सपाट होती. दुसऱ्या दिवशी खरा पाऊस आला आणि पाणी ग्राउंडशीटखाली, म्हणजे तंबूच्या तळाच्या कापडाखाली, साचले. तो आमचा दोष. तंबू नंतर उंचवट्यावर हलवला. त्या पाण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. याच पावसात सोबत दिलेल्या 18 सेंटीमीटरच्या बारीक तारेच्या मेखा मऊ झालेल्या मातीतून एकामागून एक वर आल्या आणि तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणारे दोर, सैल पडले, त्याबद्दल मात्र आहे. मेखा तंबूपासून बाहेरच्या बाजूला तिरप्या ठोकल्या होत्या, पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणेच. तुम्ही ‘60 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात स्थिर’ असे लिहिता. त्या वेगाला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 17 किलो वजनाइतका होतो, आणि तो 40 किलोमीटरच्या वाऱ्यापेक्षा दीडपट नव्हे, सव्वादोन पट असतो. तो त्या तारांनी पेलायचा? शेवटी घरातल्या 30 सेंटीमीटरच्या लोखंडी मेखा ठोकल्या, तेव्हा तंबू जागेवर राहिला.

सुरुवातीला म्हटलेली तातडीची गोष्ट ही. तुमच्या जाहिरातीत तंबूच्या आतले एक छायाचित्र आहे. चार गाद्या, दिव्यांची माळ, आणि खांबाशेजारी पेटत्या निखाऱ्यांची शेगडी. दार बंद आहे. दुसऱ्या रात्री गारठा वाढला तेव्हा माझा मावसभाऊ तो फोटो दाखवत म्हणाला, “अगं, यांनीच ठेवली आहे, आपणही ठेवू या.” मी नाही म्हटले, तो जरा रागावलाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. जागा माणूस डोके दुखले म्हणून बाहेर तरी येईल, झोपलेल्याला ते कळतही नाही. चारही झरोके उघडे असलेल्या तंबूतसुद्धा झोपताना शेगडी आत ठेवायची नसते, मग तुमच्या या तंबूत तर दोन झरोके नुसते शिवून दाखवलेले. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘आत आग वापरू नये’ असे छापले आहे, ते मी पाहिले. पुस्तिका तंबू लावणारा वाचतो. फोटो पाहुणे पाहतात.

त्या रात्री आम्ही गाद्यांखाली जाड घोंगड्या घातल्या, कारण गारठा बराचसा जमिनीतून येतो, आणि दार वीतभर उघडे ठेवले. थेंब कमी झाले, डास वाढले. तिसऱ्या रात्री सगळे घरात दाटीवाटीने झोपले आणि तंबू अंगणात रिकामा उभा राहिला. तंबू घेण्याआधी होतो तिथेच आम्ही परत आलो.

माझी मागणी अशी. तंबूची पूर्ण रक्कम आणि मी भरलेला पोचवणुकीचा खर्च हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत परत करावे, आणि तंबू तुमच्या खर्चाने घेऊन जावा. तिसऱ्या ईमेलला उत्तर देताना तुम्ही पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन देऊ केलेत, ते मला नको. बदली माल घ्यायला मी तयार आहे, पण तो खरोखर सुती कॅनव्हासचा असेल, त्याचे चारही झरोके उघडे असतील आणि हे दोन्ही पाठवण्यापूर्वी छायाचित्रासह मला कळवले जाईल तरच. शेगडीचे छायाचित्र माझ्या पैशांचा निर्णय होईपर्यंत थांबू नये, ते आजच काढावे. याच तुकडीतले तंबू ज्यांना गेले आहेत त्यांनाही झरोके तपासायला कळवावे. माझ्याच एका तंबूत कापायचे विसरले असेल यावर माझा विश्वास नाही. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक म्हणून जिथे दाद मागता येते तिथे मी मागेन.

झरोक्यांचे आतून-बाहेरून काढलेले फोटो, लेबलाचा फोटो, ओल्या गादीचा फोटो आणि तुमच्या जाहिरातीची त्या दिवशीची प्रत सोबत जोडली आहे. तंबू दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवून मगच घडी केला आहे, त्यामुळे बुरशीचे कारण पुढे करू नये. मेखा मोजून पिशवीत ठेवल्या आहेत, त्यातल्या तीन वाकल्या आहेत. न्यायला येणाऱ्या माणसाने निघण्यापूर्वी फोन करावा. मोठी गाडी आमच्या दारापर्यंत येत नाही. तंबू वळणापर्यंत आम्ही आणून देऊ.

आपली ग्राहक,
(सही)