पाठपुरावा सोडला नाहीत, म्हणून आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या तालुक्याचे वार्ताहर, पण तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही. आमच्या तालुक्यात ज्यांना ते ठाऊक असायला हवं त्यांना आहे, बाकीच्यांनी ते शोधावं असं मला वाटत नाही. आभार मात्र उघडच मानायचे आहेत. बातमी छापून आली तेव्हा ग्रामपंचायतीने तुम्हाला शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं होतं. "अजून बांध कुठं झालाय?" म्हणत तुम्ही नाकारलंत. आता बांध झाला आहे आणि यंदा त्यात पाणी अडलं, म्हणून हे पत्र.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सरकारी कागदांप्रमाणे आमच्या ओढ्यावर तीन सिमेंट नाला बांध होते. प्रत्यक्षात होते दोन. तिसऱ्याचं बिल निघालं होतं, पूर्णत्वाचा दाखलाही दिला गेला होता, जागेवर मात्र दगडगोटे आणि घाणेरीची झुडपं. हे गावात कुणापासून लपलेलं नव्हतं. ग्रामसभेत आम्ही बायकांनी विचारलं तर उत्तर मिळायचं, ते काम आमच्याकडं येत नाही, वर विचारा. वर गेलं की साहेब दौऱ्यावर. पैसे खाल्ले हे गावाला ठाऊक असणं वेगळं आणि ते कागदानिशी दाखवता येणं वेगळं. हे मला तुमच्यासोबत फिरताना कळलं.

आमचं गाऱ्हाणं ऐकून "ग्रामस्थांत संताप" अशी चौकट करणं तुम्हाला सहज जमलं असतं. तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलंत, गट नंबर कोणता? मग माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते ओट्यावर बसून शिकवलंत. अर्जात प्रश्न विचारायचे नाहीत, कागद मागायचे. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, देयकं, कामाचे फोटो आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे जिला सगळे एम.बी. म्हणतात तिची पानं. एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. माहिती कशाला हवी हे सांगायचं बंधन नाही, ते कलम ६(२) तुम्ही माझ्याकडून पाठच करून घेतलंत. तीस दिवस उलटले आणि काहीच आलं नाही, तेव्हा पहिलं अपील करायला लावलंत. गावातले लोक म्हणत होते, "बाई, आता नाद सोड." तुम्ही तसं एकदाही म्हणाला नाहीत.

कागद आले त्या संध्याकाळी तुम्ही जे दाखवलंत, ते मी पुढं कितीतरी जणांना सांगितलं आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बांधाचे फोटो वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले होते, पण दोन्हींत डाव्या कडेला तीच वाकलेली बाभूळ. फोटोवर अक्षांश-रेखांश छापलेले होते. तिसऱ्या बांधाच्या फोटोवरचे आकडे तुम्ही मोबाइलच्या नकाशात टाकलेत आणि खूण पडली ती दुसऱ्या बांधावर. तरी तुमचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आलात, दुसऱ्या बांधाची लांबी-उंची मोजलीत आणि एम.बी.तल्या आकड्यांशी ताडून पाहिलीत. तिसऱ्याची मापं सेंटिमीटरपर्यंत तीच निघाली.

त्यानंतर तुम्ही ठेकेदाराकडं गेलात, तेव्हा मला तुमचा राग आला होता, हेही लिहून टाकते. चोराला आधी सांगायचं कशाला, असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "त्याची बाजू छापली नाही तर माझी बातमी अर्धी." पुढं नोटीस आली तेव्हा तीच गोष्ट तुमच्या कामी आली. अभियंत्यालाही विचारलंत, त्याने बोलायला नकार दिला तोही छापलात. आमची नावं मात्र कुठं येऊ दिली नाहीत. माझ्या मुलाची नोकरी तालुक्यातच आहे. ती आज टिकून आहे, याचं एक कारण तुमचं हे मौन आहे.

बातमीनंतर तुमच्यावर काय आलं, ते तुम्ही सांगितलं नाहीत. मला ते दुसऱ्यांकडून कळलं. अब्रुनुकसानीची नोटीस आली. त्याहून मोठा फटका जाहिरातींचा. शहरातल्या वाचकांना हे माहीत नसेल, पण तालुक्याच्या बहुतेक वार्ताहरांना पगार नसतो. बातमीमागे तुटपुंजं मानधन, तेही कधी मिळतं कधी नाही. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याचा वाढदिवस, दिवाळी पुरवणी, निवडीबद्दल अभिनंदन. या जाहिराती देतं कोण? तेच ठेकेदार, त्याच संस्थांचे चेअरमन, तेच सभापती. ज्याच्या कामाची मापं काढायची, त्याच्याच दारात दिवाळीला पावतीपुस्तक घेऊन जायचं. त्या वर्षी तुमचं पावतीपुस्तक जवळजवळ कोरं राहिलं म्हणतात. तुमचं झेरॉक्सचं दुकान नसतं तर घर कसं चाललं असतं, मला कल्पना करवत नाही.

आमचे वडील मुख्यमंत्री अंतुल्यांच्या वेळची गोष्ट सांगायचे. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळायचं आणि ते मिळवण्यासाठी अंतुल्यांच्या ट्रस्टला देणग्या द्याव्या लागतात, हे १९८१ मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरींनी छापलं. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. वडिलांना त्या बातमीचं फार अप्रूप होतं. मीही ती मोठीच मानते. पण शौरींच्या पाठीशी रामनाथ गोएंकांसारखा मालक होता, वकील होते, देशभर पसरलेला पेपर होता. तुमच्या पाठीशी कोण होतं? जिल्हा आवृत्तीचे एक उपसंपादक, ज्यांनी बातमी न कापता लावली. त्यांनाही माझा नमस्कार पोचवा.

आणि जीव? राजापूरचे शशिकांत वारिसे रिफायनरीच्या जमिनींवर लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी बातमीत ज्याचं नाव होतं त्याच्या गाडीने त्यांना उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. पोलिसांनी पुढं खुनाचा गुन्हा लावला. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींनी माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार बाहेर काढले, त्यांना जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असताना मारलं. तुम्ही रात्री मोटारसायकलवर ओढ्याच्या रस्त्याने परत जायचात, तेव्हा ही नावं माझ्या डोक्यात असायची.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्याने २०१७ मध्ये कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. चांगली गोष्ट आहे. पण त्यात पत्रकार कोणाला म्हणायचं? ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो नोकरीवर किंवा कंत्राटावर आहे, त्याला. तुमच्याकडं नेमणुकीचं पत्र नाही, पोट भरतं दुकानावर. ज्याला संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज आहे, तोच व्याख्येच्या उंबऱ्याबाहेर राहतो. पेपरांच्या मालकांनी निदान एका ओळीचं नेमणूकपत्र द्यावं, यासाठी मी कुणाच्याही दारात यायला तयार आहे.

सगळेच वार्ताहर तुमच्यासारखे नसतात, हे आम्ही बघितलेलं आहे. निवडणुकीत 'पॅकेज' घेऊन उमेदवाराची आरती छापलेली वाचली आहे. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला होता. त्यात पेपरांची नावं होती म्हणून कौन्सिलने तो पूर्ण प्रसिद्धच केला नाही. माहिती आयोगाने आदेश दिल्यावर २०११ मध्ये तो बाहेर आला. दुसऱ्यांचे कागद मागणाऱ्यांचा कागद बाहेर काढायलाही माहिती अधिकारच लागला. असे पेपर आणि असे वार्ताहर असतानाही तुमची बातमी खरी म्हणून वाचली गेली, कारण लोकांनी तुम्हाला टेप धरून ओढ्यात उभं राहिलेलं पाहिलं होतं.

माझ्या आभाराचं खरं कारण बातमीनंतरच्या काळाचं आहे. बातमी एका दिवसाची. चौकशी लागली, नंतर ती थंड पडली. तुम्ही दर थोड्या दिवसांनी चार ओळी छापत राहिलात: चौकशी अधिकारी बदलला, स्थळपाहणी झाली नाही, अहवाल सादर नाही. कुणी वाचत असेल का असं मला वाटायचं. कार्यालयात मात्र त्या ओळींची कात्रणं फाइलला लागत होती, हे नंतर तिथल्याच एका माणसाने सांगितलं. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने सप्टेंबर २०२० मध्ये जलयुक्त शिवार या पाणी अडवायच्या सरकारी योजनेवर अहवाल दिला, ९,६३३ कोटी खर्चून भूजल फारसं वाढलं नाही म्हणून सांगितलं. एवढा मोठा आकडा आमच्यासारख्यांच्या हातात मावत नाही. आमच्या हातात मावला तो एक बांध, आणि तो तुमच्या चार-चार ओळींनी उभा केला.

बांध झाला असला तरी ठेकेदाराकडून वसुलीचा आदेश अजून कागदावरच आहे. ते मी बघते, तुम्ही त्यात पडू नका. दर सोमवारी तीन ते पाच या वेळात कार्यालयातले अभिलेख बघता येतात, हे तुम्हीच सांगितलं होतंत. आता बचत गटातल्या आम्ही चौघी आळीपाळीने जातो. सुरुवातीला बसायला खुर्ची देत नसत, आता देतात.

एक काम मात्र तुमच्याकडं आहे. नळयोजनेच्या टाकीचा आणि पाइपलाइनचा अर्ज मी गेल्या आठवड्यात टाकला आहे. एम.बी.ची पानं आली की झेरॉक्स घेऊन दुकानात येते. पाइपाचा व्यास आणि खोली कागदाशी कशी ताडायची, तेवढं दाखवा. खणायला माणसं आम्ही आणतो.

तुमची ताई,
ओढ्याकाठच्या गावातली ग्रामसभेची एक सभासद