सड्यावर झाडं लावू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

पावसाळा लागला की वृक्षारोपणाचे फोटो येतात, येऊ देत, पण त्यात कातळसड्यावर, म्हणजे उघड्या खडकाच्या सपाट पठारावर, खड्डे खणून, बाहेरून माती आणून रोपं लावलेली दिसली की डोकं फिरतं. झाडं नाहीत म्हणजे जमीन वाया गेली, हे कुणी ठरवलं?

साताऱ्याचा वायतुरा बघा. कास, चाळकेवाडीच्या पठारांवर जांभ्या दगडाच्या खोलगटात थोडंसं पाणी साठतं तिथे हा पावसात उगवतो, दोन फाट्यांचा तुरा पाण्यावर काढतो, आणि पाणी आटलं की पानं जातात, खाली नुसता कंद राहतो तो थेट पुढच्या पावसापर्यंत. १९८२ साली शास्त्रात नोंद झालेली ही वनस्पती सह्याद्रीतल्या मोजक्या पठारांवरच आहे. उन्हाळ्यात गेलात तर काहीच दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी तिथे गाड्या लावतं नाहीतर भराव टाकतं.

याच्या अगदी उलट दोडामार्ग तालुक्यातलं बांबर्डे. तिथल्या राईत रानजायफळ (मिरिस्टिका मॅग्निफिका) पाण्याचिखलात उभं असतं, मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात, परत आत जातात, हवा घेतात ती त्यातूनच. बी चांगलं मोठं, पण वाळलं की मेलं, त्यामुळे साठवून ठेवू आणि सवडीने लावू हा प्रकारच नाही, ते लांब न्यायला धनेशासारखा पक्षी हवा आणि पडेल तिथे ओल हवी. गावाने देवराई म्हणून राखली म्हणून ती उरली, २०२१ मध्ये सरकारने जैवविविधता वारसास्थळही जाहीर केलं, छानच. पण क्षेत्र फक्त २.५९ हेक्टर! पाणी काही तेवढ्यात तयार होत नाही ना, वरचा डोंगर उघडा केला किंवा बागायतीसाठी ओहोळ वळवला तर कुऱ्हाड न लावताही राई संपेल.

म्हणजे एकाला वर्षातले कित्येक महिने कोरडं पाहिजे, दुसऱ्याला एक उन्हाळाही कोरडा चालत नाही, आणि आपल्याकडे दोघांसाठी उपाय एकच, बोर्ड लावा, कुंपण घाला, रोपं लावा. माझं म्हणणं एवढंच की सडे वृक्षारोपणाच्या यादीतून सरळ काढून टाका, आणि बांबर्ड्यात राईबरोबर तिच्या वरच्या अंगाचा ओहोळही संरक्षणात घ्या, मग बोर्ड काय हवे तेवढे लावा.

आपला,
एक वाचक, सातारा