कुंभार्ली उतरण्याआधी

गुहागर, ४ डिसेंबर

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, नकाशाही पाहिला. पहाटे तुमच्या ग्रुपने सायकलींवर कोयनानगरहून निघायचं, हेळवाकवरून कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळुणात नाश्ता, मग मार्गताम्हाण्याच्या पुढे डांबर सोडून सड्यासड्याने, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळांवरून, घरी. आईने नकाशा न बघताच ‘काही नको’ म्हणून टाकलंय. मी नको म्हणत नाही. पण समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे, शनिवार-रविवार पाऊस सांगितलाय, आणि तू लिहितेस की बाबा, जुलैत ताम्हिणी घाट केलाय, हा काय पाऊस! त्या एका वाक्यासाठी हे पत्र. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

जुलैतला घाट धुऊन निघालेला असतो. डिसेंबरात रस्त्यावर दोन महिन्यांचं डिझेल, ऑइल, टायरचा काळा चुरा आणि धूळ बसलेली असते. त्यावर पहिली सर पडली की सगळं वर येतं आणि डांबराचा साबण होतो. पहिला अर्धा-पाऊण तास सगळ्यात वाईट. जोराचा पाऊस लागून रस्ता वाहायला लागला की उलट बरं. एसटीवर असताना आम्ही अवकाळीला जितके घाबरायचो तितके आषाढाला कधी घाबरलो नाही, आणि आमच्याखाली सहा चाकं होती.

ब्रेकचं सांगतो. गाडीला आम्ही ज्या गिअरात चढवतो त्याच गिअरात उतरवतो, इंजिन तिला धरून ठेवतं. सायकलला मागून धरणारं कोणी नाही, सगळा भार तुझ्या दोन बोटांवर. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना वेग कमी कर, वळणात ब्रेकला हात लावू नको. सारखे दाबून धरू नको, दाबायचं आणि सोडायचं. आणि पॅड आजच बघून घे. ओल्या मातीत ते किती झिजतात ते तुमच्या दुकानदारालाच विचार.

आणखी एक, हे तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना वाचून दाखव. आवळ वळणावर एसटी किंवा ट्रक दिसला तर त्याच्या आतल्या अंगाला कधीही शिरू नका. पुढचं चाक बाहेरून फिरतं तेव्हा मागचं चाक आतून रस्ता कापत येतं, आणि ड्रायव्हरला त्या कोपऱ्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. वळणाआधी थांबा, गाडी जाऊ द्या. धुक्यात आम्हाला सायकल दिसत नाही, मागचा लाल दिवा दिसतो. तो दिवसाही चालू ठेवायचा. फोटोसाठी कठड्याला टेकून उभं राहायची हौस असेल तर ती घाट उतरून पोफळीला भागवा.

आता थंडी. तू म्हणशील, कोकणात कसली थंडी? कोरडी असेल तोवर काहीच नाही. पण घाटमाथा खालच्यापेक्षा तीन-चार अंशांनी गारच असतो, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावरून धुकं येतं, आणि चढ नसल्यामुळे उतारभर तुझं अंग काही काम करत नाही. पाय स्थिर, कपडे ओले, समोरून तीस-चाळीसच्या वेगाचा वारा. २०२१ च्या डिसेंबरात सुरुवातीलाच असा अवकाळी आला होता, आठवतंय? पुणे-नगरकडे धनगरांच्या शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. अंगावर लोकर असलेलं जनावर! पाणी गोठेल अशी थंडी तेव्हाही नव्हती. नुसता पाऊस आणि वारा.

नोकरीत असताना एकदा पोफळीच्या टपरीवर चहाला थांबलो होतो. असाच जानेवारीतला भुरभुर पाऊस. वरून सायकलवाल्या पोरांचा घोळका आला. एकाला हेल्मेटचा पट्टा सुटेना. दोन्ही हात हनुवटीखाली नेऊन तो नुसता चाचपडत होता, बोटं क्लिपवरून घसरत होती, आणि बाकीचे हसत होते. तोही हसत होता. कंडक्टरने जाऊन पट्टा काढला तर पोराचे हात बर्फाच्या लादीसारखे. त्याच हातांनी तो अख्खा घाट ब्रेक दाबत उतरला होता. ओला शर्ट काढून त्याला गाडीतलं कोरडं कांबळं दिलं, गोड चहा दिला, तेव्हा कुठे तो थडथड कापायला लागला. कापरं भरणं चांगलं, अंग भांडतंय असा त्याचा अर्थ. कापायचं थांबून माणूस गप्प झाला, जीभ जड झाली, उगाच चिडायला लागला, की समजायचं प्रकरण हाताबाहेर चाललंय. मग पुढे रेटायचं नाही, सपोर्ट गाडीत घालून दवाखाना गाठायचा. ब्रँडी-बिंडी कोणी काढली तर फेकून दे. तिने ऊब आल्यासारखं वाटतं आणि आतली उष्णता निघून जाते.

म्हणून दर थांब्यावर प्रत्येकाला अंगठा करंगळीला टेकवायला लाव. ज्याला जमत नाही त्याने उतार करायचा नाही. हसू देत हसले तर.

कपड्यांत सुती बनियन अजिबात नको, भिजलं की अंगाला चिकटून बसतं. घाटमाथ्यावर, उतरायच्या आधी, विंडचीटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घाल. युरोपातले शर्यतीचे सायकलवाले हेच करत आले आहेत आणि आपल्याकडे एम-एटीवरून पहाटे दूध घालणारेही. हातमोज्यांच्या आत दवाखान्यातले पातळ रबरी मोजे. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ मारून. खिशात गूळ-शेंगदाणे, कारण तुमचे ते चॉकलेटचे बार गार पडले की दगड होतात.

सड्याबद्दल मी तुला काय सांगणार, लहानपणी तिथेच हिंडलीस. पण सायकलवरून वेगळं असतं. ओला जांभा खडबडीत दिसतो म्हणून चाक धरेलसं वाटतं, आणि धरतोही, जोवर त्याच्यावर शेवाळ किंवा पातेरा नाही. पाखाड्यांवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटांवर, दोन्ही असतं. तुमच्यातल्या कोणाला पाखाडीवरून सायकल उतरवायचा व्हिडिओ करायचा असेल तर कोरड्या दिवशी ये म्हणावं. तांबडी माती भिजली की चाक आणि फ्रेमच्या मध्ये भरते, चाक फिरायचंच थांबतं, खांद्यावर घेऊन चालावं लागतं. आणि सड्यावर ढग उतरला असेल तर रस्ता सोडायचाच नाही. गेल्या काही वर्षांत चिरेखाणी फार झाल्या आहेत. कुंपण नाही, फलक नाही, काठ सरळ तोडलेला. धुक्यात तुम्हाला खाण दिसेल ती पुढचं चाक काठावर आल्यावर. शृंगारतळीपर्यंत डांबराने या, लाज वाटायचं काही कारण नाही.

हे सगळं तुमच्या लीडरलाही ठाऊक असेल. पण घोळक्यात काय होतं, मी पाहिलंय. पाच तगडे पुढे निघून जातात, वर थांबून आराम करतात, आणि मागचा पोचला की लगेच निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज त्यालाच ती मिळत नाही, आणि पुढचे घाम आलेल्या अंगाने वाऱ्यात उभे राहून गारठतात. स्वीपला, म्हणजे सगळ्यांच्या मागे, राहणारा माणूस सगळ्यात अनुभवी हवा, उरलेला नको. आणि ‘आज पुरे’ म्हणायचा हक्क कोणाला, ते कोयनानगरला चहा पितानाच ठरवून घ्या. माझं मत विचारशील तर कोणाही एकाने म्हटलं की पुरे, चर्चा नाही. तुला म्हणावंसं वाटलं तर तू म्हण. तुझा स्वभाव मला माहीत आहे, दात खाशील पण बोलणार नाहीस. शाळेत ताप अंगावर काढून धावायला गेली होतीस, ते आई अजून मला ऐकवते.

इथे ढग कालपासूनच आहेत. हापूसला यंदा मोहोर लवकर आलाय, आणि हे असलं कुंद हवामान म्हणजे तुडतुडा कीड आणि भुरी रोग दोन्ही. फवारणी करावी तर पाऊस धुऊन नेणार, न करावी तर मोहोर काळा पडणार. तेव्हा शनिवारी आभाळाकडे बघत मीही बसलेलाच असेन, तुझ्यासाठी वेगळं जागं राहावं लागणार नाही.

पोफळीला पोचलीस की फोन कर, चिपळूणची वाट बघू नको. घाटात रेंज जाते, त्याने आईचं उगाच वर-खाली होतं. आणि किती जण आहात, त्यातले मासे न खाणारे किती, ते शुक्रवारी कळव. आई नको नको म्हणत कुळीथ दळून ठेवते आहे.

तुझा,
बाबा

ता. क. सायकली पुळणीवर न्यायच्या असतील तर ओहोटीला, पाण्याजवळच्या घट्ट वाळूवरून न्या. नंतर गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल द्यायचं, मगच पडवीत लावायच्या. खारं पाणी रात्रभर राहिलं तर सकाळी चेन तांबडी झालेली असते.