त्या आजोबांच्या जागेवरून

डॉर्टमुंड,
२९ मे २०२३

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

शनिवारी रात्री फोनवर मला धड बोलता आलं नाही. आई, तुला वाटलं मी आजारी आहे. आजारी नाही गं, घसा बसला होता. आज इथं पेंटेकोस्टच्या सणाची सुट्टी आहे, म्हणून सगळं नीट लिहायला बसले. बाबा, हे पत्र निम्म्याहून जास्त तुमचं आहे.

मी डॉर्टमुंडच्या स्टेडियममध्ये फुटबॉलची मॅच बघितली. साधीसुधी नाही, जर्मन लीगच्या सीझनची शेवटची. बोरुसिया डॉर्टमुंडचे ७० गुण, बायर्न म्युनिकचे ६८. घरच्या मैदानावर माइंत्सला हरवलं की हे चॅम्पियन, तेही २०१२ नंतर पहिल्यांदा. असलं तिकीट विकत मिळणं शक्यच नव्हतं. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंच्या घरी दक्षिणेकडच्या उभ्या गॅलरीचे चार सीझन पास आहेत. त्यांच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांचा पास मला मिळाला. आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. १९७४ साली वर्ल्डकपसाठी हे स्टेडियम बांधलं तेव्हापासून ते येतायत. पास देताना त्यांनी मला फोनवर एवढंच बजावलं, "गप्प उभी राहू नकोस. ती माझी जागा आहे."

मॅच साडेतीनला होती. आम्ही बारालाच निघालो. पासावरच मेट्रोचा प्रवास धरलेला असतो, वेगळं तिकीट काढावं लागत नाही. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगर कसा गुलालात बुडतो, तसं अख्खं शहर पिवळ्या रंगात बुडालं होतं. आई, तुला एक गोष्ट फार आवडली असती. इथले जुने चाहते जीनचं बिनबाह्यांचं जाकीट घालतात आणि त्यावर क्लबचे कापडी बिल्ले शिवतात. वर्षानुवर्षं शिवत जातात, जीन दिसेनाशी होईपर्यंत. माझ्यापुढे साठीच्या एक बाई होत्या, त्यांच्या पाठीवर एक इंचही मोकळी जागा नव्हती. हातशिलाई. काही टाके उसवलेले, त्यावर दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं परत घातलेले. मला आजीच्या वाकळा आठवल्या.

आता ती गॅलरी. तिला इथं पिवळी भिंत म्हणतात, आणि खरोखर भिंतच आहे ती. स्टेडियममध्ये एकूण ८१,३६५ माणसं मावतात, त्यातली जवळजवळ पंचवीस हजार या एका बाजूला, सगळी उभी. चढ इतका की पुढच्या माणसाच्या डोक्यावरून मैदान दिसतं. मध्ये मध्ये लोखंडी कठडे, रेटा आला तर माणसं एकावर एक पडू नयेत म्हणून. आजोबांच्या कठड्याचा रंग एका ठिकाणी हातानं घासून गेलाय. मी तिथंच हात ठेवला. आजूबाजूच्या सगळ्यांना माहीत होतं मी कुणाच्या जागेवर आलेय. एकानं विचारलं, "गुडघा कसा आहे?"

खेळाडूंची नावं पुकारतात तेव्हा निवेदक फक्त पहिलं नाव घेतो, आडनाव लोकांनी ओरडायचं. नॉर्बर्ट डिकेल हे ते निवेदक. १९८९ च्या जर्मन कपच्या फायनलमध्ये याच क्लबसाठी दोन गोल मारलेले. मैदान सोडलं, तरी मैदानाबाहेर गेले नाहीत. बाबा, आपल्या कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघातले जुने खेळाडू कट्ट्यावर बसून पोरांना नावानं हाका मारतात ना, अगदी तसं.

आणि तालमीवरनंच आठवलं. हा क्लब कसा निघाला माहितीये? १९०९ साली बोर्झिगप्लात्सजवळ, पोलाद कारखान्याच्या वस्तीत, चर्चच्या युवक मंडळातल्या पोरांना फुटबॉल खेळायचा होता आणि पाद्र्याला ते पसंत नव्हतं. पोरांनी एका गुत्त्याच्या वरच्या खोलीत बैठक घेऊन आपला वेगळा क्लब काढला. कोळसा गेला, पोलादाच्या भट्ट्या गेल्या. एका कारखान्याच्या जागी तर आता तळं आहे, रविवारी लोक त्याच्या काठानं फिरतात. क्लब मात्र राहिला. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, रविवार पेठ, कुठल्या तालमीचा कुठला संघ, हे आपल्याकडं लहान पोरगंही सांगतं. ते इथल्या माणसाला समजावून सांगायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मॅचचं ऐका. पंधराव्या मिनिटाला माइंत्सचा गोल. चार मिनिटांनी यांना पेनल्टी, मारायला सेबास्टियन हालेर. गेल्या जुलैत त्याला वृषणाचा कॅन्सर निघाला होता. दोन ऑपरेशनं, केमो, आणि जानेवारीत तो परत मैदानात उतरला. त्याची पेनल्टी गोलकीपरनं अडवली. माझ्या मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "असू दे पोरा." चोविसाव्या मिनिटाला माइंत्सचा दुसरा. हाफटाइमला मी खाली बघत उभी होते, तर त्या बिल्ल्यांच्या बाईंनी माझ्या हातात फ्राइजचा द्रोण दिला. (आई, जेवण विचारशील तर हेच.)

एकोणसत्तराव्या मिनिटाला डॉर्टमुंडच्या गेरेरोनं एक फेडला. मग एक्याऐंशीव्या मिनिटाला मैदानात काहीच झालं नाही आणि गॅलरी फुटली. तिकडं त्याच वेळी चाललेल्या मॅचमध्ये कोलोननं बायर्नशी बरोबरी केली होती! म्हणजे हरत असूनही आम्ही चॅम्पियन. बाबा, मी 'आम्ही' लिहिलंय, ते तसंच राहू दे. शेजारचा पोरगा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता, मी त्याला ओळखतही नव्हते. आठ मिनिटं. एकोणनव्वदाव्या मिनिटाला म्युझियालानं बायर्नचा गोल मारला. त्याची बातमी आवाज होऊन आली नाही. वरच्या पायऱ्यांपासून एकेक माणूस गप्प होत गेला, आणि ती शांतता माझ्यापर्यंत उतरत आली. इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला झ्यूलेनं २–२ केलं, पण आणखी एक गोल हवा होता. दोघांचे ७१ गुण, गोलफरकावर बायर्न. सलग अकराव्यांदा.

मला वाटलं आता शिव्या, बाटल्या, खुर्च्या. तुम्हीच तसं सांगायचात ना. कुणी हललं नाही. खेळाडू गवतावर आडवे पडलेले, आणि भिंत गायला लागली. कोच एडिन टेरझिच गॅलरीसमोर एकटा येऊन उभा राहिला आणि रडला. तो जवळच्याच गावचा. लहानपणापासून याच क्लबचा, पूर्वी याच भिंतीत उभा राहायचा. माझा घसा बसला तो तेव्हा. आजोबांची जागा होती ती, गप्प कशी राहू?

परतताना ऑफिसच्या बाईंनी सांगितलं, २०१६ च्या मार्चमध्ये याच माइंत्सशी मॅच चालू असताना स्टेडियममध्ये एका वयस्कर चाहत्याला हार्ट अटॅक येऊन तो गेला. बातमी पसरली तशी घोषणा थांबल्या, ढोल थांबले. ऐंशी हजार माणसं शेवटपर्यंत गप्प बसली. मॅच संपल्यावर सगळ्यांनी मफलरी उंच धरून त्याच्यासाठी गाणं म्हटलं. त्या दिवशी त्यांचे वडीलही तिथं होते. घरी येऊन ते म्हणाले, "मी गेलो तर असाच जाऊ दे." सांगताना बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

बाबा, एक मनातलं लिहू? दादाला तुम्ही शाहू स्टेडियमवर न्यायचात. मी दारात चपला घालून उभी असायचे. "तिथं पोरीबाळींचं काय काम" म्हणायचात, आणि येताना माझ्यासाठी भडंग आणायचात. मला भडंग नको असायचं. तुम्ही दोघं घरी आल्यावर एकमेकांशी ज्या भाषेत बोलायचात ती मला हवी होती. कुणी कुठून पास दिला, कोण ऑफसाइड होता. मी स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून शिकले. तक्रार म्हणून लिहीत नाही. शनिवारी माझ्या पुढच्या पायरीवर एक बाप मुलीला खांद्यावर घेऊन होता, सातेक वर्षांची असेल. ती त्याला सांगत होती कुणी कुणाला मोकळं सोडलं. मला तुमची फार आठवण आली, एवढंच.

मी जानेवारीत येतेय, तीन आठवडे. लीग चालू असेल. आपल्या तालमीची मॅच बघून ठेवा आणि तीन तिकिटं काढा. आई, तूही यायचंस, उन्हाची टोपी मी आणते. बाबा, तुमचा गुडघाही दुखतो हे मला माहितीये, दादानं सांगितलंय. डॉक्टरांना दाखवा, पुढं ढकलू नका. आजोबांना मी तुमच्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, ते ऑगस्टपर्यंत परत उभे राहणार आहेत, आणि तुमचा गुडघा कोणता, डावा की उजवा?

कळवा.

तुमची,
मनू