‘अप’, ‘ऑफ’ आणि आपलं ‘टाकणं’

सातारा,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘गिव्ह’ म्हणजे देणं, मग ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं कसं? पोरीला हे फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि मागच्या छोट्या शब्दाच्या अशा जोड्या, नुसते घोकायला सांगू का? मी घाईत ‘हो’ म्हणालो. तेव्हापासून ते उत्तर मनाला टोचतंय.

मागचा तो छोटा शब्द अर्थ बदलतोच, पण दर वेळी सारखा नाही. ‘सिट डाउन’मधलं ‘डाउन’ नुसती दिशा दाखवतं. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’मध्ये मात्र ‘अप’चा वर जाण्याशी संबंध नाही. काम पुरतं संपवलं, एवढंच ते सांगतं. आता आपली भाषा बघ. ‘पोळी खा’ आणि ‘पोळी खाऊन टाक’. दुसऱ्यात कोण काय टाकतं? ‘बोलून बसलो’ म्हणताना कुणी बसत नाही, पण पस्तावा लगेच कळतो. हे तुझ्या लेकीला कुणी पाठ करायला लावलं नव्हतं. तिला ‘ईट अप’ म्हणजे ‘खाऊन टाक’ असं सांगून बघ.

‘पुट’चं प्रकरण जरा अवघड. ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणं, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणं, ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणं. पण संस्कृतच्या तासाला आपण काय म्हणायचो?

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥

‘हृ’ धातू एकच, आणि प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार यांचे अर्थ किती लांब लांब! उपसर्ग धातूला जबरदस्तीनं दुसरीकडे नेतो. संस्कृतात तो पुढे बसतो, इंग्रजीत मागे. मला तर यात फार आनंद वाटतो.

तरी पोरगी चुकली तर रागावू नकोस. सॅम्युएल जॉन्सननं १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय, की परक्यांना सगळ्यात जास्त अडचण याच जोड्यांची होते. मी स्वतः पहिल्या नोकरीत ‘कॉल्ड ऑफ’ म्हणजे ‘पुट ऑफ’च समजलो आणि रद्द झालेल्या बैठकीसाठी दुसऱ्या दिवशी फायली घेऊन तासभर बसून राहिलो. त्या दिवशीचा शरमिंदेपणा अजून आठवतो.

एक कर. तिला सुटी क्रियापदं देऊ नकोस, सोबत नाम दे. दूध ‘गोज ऑफ’ म्हणजे नासतं, गजर ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजायला लागतो, दिवे ‘गो ऑफ’ म्हणजे जातात. ‘रॅन अप अ हिल’मध्ये माणूस टेकडी चढतो, ‘रॅन अप अ बिल’मध्ये उधारी चढते. आणि ‘इट’ कुठे बसतं तेही बघायला सांग: ‘टर्न इट ऑफ’, पण ‘लुक आफ्टर इट’. पहिल्यात ते मधेच हवं, दुसऱ्यात शेवटीच.

तिनं अशी दहा वाक्यं लिहिली की वहीच्या पानाचा फोटो पाठव, मी रात्री निवांत तपासतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळू